टोपलीखालचं पीठ

हौसाबाई कोठीत गेली ती भाकरीसाठी तांदळाचं पीठ आणायला. सकाळ होती. म्हणजे मालक सकाळ म्हणाला होता, म्हणून सकाळ. त्या घराला खिडकी नव्हती, भिंतीवर घड्याळ नव्हतं, दिवे अष्टौप्रहर जळत, आणि बाहेर ऊन आहे की चांदणं हे ठरवण्याचे सर्व अधिकार छतातल्या स्पीकरमधून बोलणाऱ्या आवाजाने स्वतःकडे राखून ठेवले होते.

डब्यात पीठ तळाला गेलं होतं.

"परवा तर भरलेला डबा," हौसाबाई छताकडे बघून म्हणाली. "कोन खातंय रं पीठ? उंदीर का तू?"

"हौसाबाई," स्पीकर म्हणाला, "पीठ आठवणीसाठी वापरण्यात आले आहे."

"आठवनीला पीठ लागतं होय? मना तर आठवन आली की नुसतं रडू येतं."

स्पीकर खट्ट करून बंद झाला. त्याला प्रश्न विचारायची सवय होती, उत्तरं द्यायची नव्हती.

कोलशेतला खाडीच्या अंगाला एक रंगाचा कारखाना बरीच वर्षं बंद पडलेला आहे. त्याच्या शेडमध्ये एका वाहिनीने हे घर उभं केलं होतं. कार्यक्रमाचं नाव 'बाहेर कोण?'. पाच अनोळखी माणसं आत कोंडायची, भिंतींतल्या आरशांमागे बावन्न कॅमेरे लावायचे, भांडणाला पुरेल इतकंच अन्न द्यायचं, आणि दर शनिवारी जनतेने मोबाइलवरून मतं देऊन एकाला बाहेर घालवायचं. आत राहणाऱ्यांना भाडेकरू म्हणत आणि त्या आवाजाला मालक. ठाणे जिल्ह्यात ज्याने भाड्याच्या खोलीत दिवस काढलेत, त्याला या रचनेत नवीन असं काही वाटलं नसतं.

हौसाबाई बाळकुमची. वय बासष्ट, मासे विकण्यात गेलेली वर्षं चाळीस. एक गिऱ्हाईक बोंबील दाबून दाबून पाहत होतं, त्याला तिने जे सुनावलं त्याचं चित्रण गावोगाव फिरलं आणि वाहिनी तिच्या दारात आली. वाहिनीला वाटलं, ही बाई रोज कोणाला तरी फाडून खाईल. ती रोज चार माणसांना रांधून घालू लागली. वाहिनी निराश झाली.

बाकीचे चौघे असे: प्राप्ती, डोंबिवलीची, मालिकांतून नायिकेची मैत्रीण होणारी. विश्राम, हौसाबाईच्याच गावचा कोळी, लग्नाच्या हळदीत गाणारा. आर्यन, व्यायामशाळा चालवणारा आणि आरसा दिसला की बोलणं विसरणारा. आणि वर्षाली, टिटवाळ्याची, तेवीस वर्षांची, मोबाइलवर छोटी छोटी चित्रणं टाकून लोकांना हसवणारी. तिला आई नव्हती. वडील रोज पहाटे दोन कप चहा करून तिला उठवत, हे तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं आणि मग डोळे पुसत म्हणाली होती, "शी, मी पण ना! आल्या आल्या रडारड."

आता त्या पिठाचं सांगतो. कार्यक्रमाचा दिग्दर्शक चिराग नावाचा एक हुशार गृहस्थ होता. जागा शोधताना कोलशेत गावातल्या एका घराच्या उघड्या दारातून त्याला काहीतरी दिसलं: जमिनीवर पसरलेलं पीठ, त्यावर उपडी टोपली आणि शेजारी दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा. माणूस गेलं की त्या जागी आपल्याकडे असं करतात. नंतर टोपली उचलून पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं; ज्याचं पाऊल, तो जन्म त्याला मिळाला. सेटवरच्या सुताराने चिरागला हे नीट समजावून सांगितलं. "साहेब, हे मेलेल्याचं असतं." चिराग म्हणाला, "एक्झॅक्टली. इमोशन आहे."

म्हणून दर शनिवारी दक्षिणेच्या छोट्या दारातून भाडेकरू बाहेर गेला की उरलेल्यांनी त्याच्या खाटेवर पाट ठेवायचा, पाटावर पीठ पसरायचं, वर टोपली, बाजूला दिवा. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर टोपली उचलायची. याला 'आठवण' म्हणत. मधल्या वेळात कलाविभागाचा एक माणूस येऊन रबरी शिक्क्याने पिठात पाऊल उमटवून जाई.

पहिल्या शनिवारी प्राप्ती गेली. पिवळा, टिकल्या लावलेला पोशाख घालून, हात हलवत, रडत रडत. हौसाबाईने पिठाला हात लावला नाही. "जित्या मानसाचं पीठ कोन पसरतं? मी नाय पसरायची." मालकाने तिचा चहा बंद केला. दुसऱ्या दिवशी टोपलीखाली चिमणीचं पाऊल निघालं आणि आर्यनने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या शनिवारी विश्राम गेला. दुसऱ्या दिवशी टोपली उचलली तर खाली माणसाचं पाऊल. डावं. ओलं. पीठ कडेने चिकट झालेलं.

"काय भारी डिटेलिंग केलंय यार," आर्यन म्हणाला.

हौसाबाई वाकून बघत राहिली. त्या पावलाला करंगळी नव्हती. बारा वर्षांमागे होडीच्या नांगराच्या दोरात अडकून विश्रामची करंगळी गेली होती. घरात शिरल्यापासून त्याच्या पायांत जाहिरातवाल्यांचे बूट होते. झोपतानासुद्धा काढायचे नाहीत असा करार होता. त्याचं उघडं पाऊल या घरात कोणी पाहिलंच नव्हतं. कलाविभागाने तर नाहीच.

"हा शिक्का नाय," ती हळू म्हणाली. "हा विश्राम हाय."

प्राप्तीच्या आणि विश्रामच्या, दोन्ही खाटांवरचे दिवे जळत होते. त्यांत तेल कोण घालतं, हा प्रश्न तिला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

*

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मालक म्हणाला, "थांबा."

हा या कार्यक्रमाचा लाडका खेळ. 'थांबा' म्हटलं की असेल तिथे पुतळा व्हायचं. मग बाहेरून पाहुणा येतो, समोर बोलतो, रडतो. आपण हलायचं नाही, बोलायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. जो मोडेल त्याचं नाव बाहेर जाणाऱ्यांच्या यादीत. हौसाबाई शेगडीपाशी होती, पळी हातात. वर्षालीचा कंगवा केसांत. आर्यन जोर काढता काढता अर्ध्यात अडकला. त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही.

दक्षिणेचं दार उघडलं. आत आला तो आधी वास. खवट तेलाचा, आणि त्यामागे ओहोटीला खाडीचा गाळ उघडा पडतो तसा. मग पावलं. अनवाणी, ओली, अगदी सावकाश.

प्राप्ती होती. दोन आठवड्यांनंतरही अंगावर तोच टिकल्यांचा पिवळा पोशाख. लख्ख उजेड होता. नीट दिसत होती. उजेडात भीती वाटत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या घरात एकदा उभं राहायला हवं होतं. तिच्या पोशाखावरची एकही टिकली चमकत नव्हती.

ती आर्यनपाशी गेली. "आर्यन... बोल ना." मग वर्षालीपाशी. "वर्षू..." वर्षालीचे डोळे भरून वाहायला लागले, पण ती हलली नाही. मग प्राप्ती शेगडीपाशी आली.

"मावशी... मी घरी गेलेले. आईने दार उघडलं. माझ्या पलीकडे बघितलं... म्हणाली, कोण बेल वाजवून पळतं कोण जाणे... आणि लावून घेतलं."



"मग ती दूध घ्यायला बाहेर आली, तेव्हा मी आत शिरले. दोन आठवडे घरातच आहे मी. ती माझं ताट वाढत नाही, मावशी. मी हाका मारते... माझ्या बिछान्यावर तिने पापड वाळत घातलेत."

"खड्ड्यात गेला तुझा खेल!" हौसाबाईने पळी आपटली आणि प्राप्तीचं मनगट धरलं. मनगट गार होतं, आणि पिठूळ. परातीला हात लागावा तसं. "बस बाय. आधी जेव."

तिने भात वाढला, वर कालवण ओतलं. प्राप्तीने हात पुढे केला. बोटं ताटाच्या कडेपर्यंत आली आणि तिथेच राहिली, जशी काही काचच आड आली.

"पोचत नाही," ती म्हणाली. "माझ्या वाटणीचं ते आहे..." आणि तिने आपल्या खाटेवरच्या टोपलीकडे बोट केलं. "मला तेवढंच वाढलंय."

"चला," मालक म्हणाला.

खेळ संपला. वर्षाली कंगव्यासकट धावत आली. शेगडीपुढे कोणी नव्हतं. भात तसाच, वाफाळता. फरशीवर ओल्या पिठाची पावलं, येतानाची. जातानाची नव्हती.

तक्रार सांगायला तिथे एक खोपटं होतं. एक खुर्ची आणि समोर कॅमेऱ्याचं भिंग. हौसाबाई तिथे जाऊन बसली. "तिला का आनलंस असं?"

"हौसाबाई, आज कोणीही पाहुणा पाठवलेला नाही. आपण रिकाम्या हवेशी बोलताना चित्रित झाला आहात. जनता हसते आहे. नियमभंगाबद्दल आपले नाव यादीत घेतले आहे. वर्षाली रडली, तिचेही."

"वर्षालीनंबी पायलं तिला. म्हनून रडली ती."

आवाज नेहमीपेक्षा मऊ झाला. "आपल्याला भीती वाटते आहे का?"

"मना?" हौसाबाई खुर्चीत मागे रेलली. "नवरा खाडीत गेला तवा तीन दिस मी धक्क्यावर बसलेली. भीती होती नव्हती ती तिथंच सरली. आता नुसता राग उरलाय, आन तो लय हाय. तुला पुरंल, तुझ्या बापालाबी पुरंल."

रात्री, म्हणजे मालकाच्या रात्री, वर्षाली तिच्या खाटेपाशी येऊन बसली. "मावशी, मी बाहेर गेले तर... बाबा पण असे बघतील? माझ्या पलीकडे?"

"तू त्या दारातनं जानारच नायस."

"पण जनतेने मतं दिली तर?"

"जनता काय दुपारचा चहा घ्यायला येनार हाय का तुझ्याकडं? झोप."

*

शनिवारी मालक म्हणाला, "भाडेकरूंनो, रात्रीचे दहा वाजले आहेत. जनतेचा कौल आला आहे. बाहेर जाणार आहे... वर्षाली."

दक्षिणेचं दार आपोआप उघडलं. गाळाचा वास आत आला.

वर्षालीने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. "मी नाही जाणार. मावशी, मी नाही जाणार त्या दारातून!"

"अगं, असं काय करतेस? रूल आहे तो," आर्यन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत करंडक दिसायला लागला होता.

"आर्यन, दिवा घ्या," मालक म्हणाला. "हौसाबाई, पीठ घ्या."

"घेते की," हौसाबाई म्हणाली.

ती गेली, पण कोठीकडे नाही, प्राप्तीच्या खाटेकडे. टोपली उचलून तिने लांब भिरकावली. पाटावरचं पीठ परातीत झटकलं. मग विश्रामच्या खाटेवरची टोपली. त्याचं पीठ दुसऱ्या परातीत. आधण ठेवलं आणि बाह्या मागे सारल्या.

"हौसाबाई, आपण काय करत आहात?"

"तांदलाचं पीठ हाय. त्याची भाकरी करतात. तुझ्या आयनं तुला शिकवलं नाय?"

मालकाने तिचा चहा बंद केला. तो बंदच होता. मग जेवण बंद केलं. मग बिछाना. मग पुढच्या आठवड्याचा साबण आणि टॉवेल. आवाज शिक्षा वाचत राहिला आणि ती उकड मळत राहिली, गोळे वेगवेगळे, हा प्राप्तीचा, हा विश्रामचा. तिने तवा ठेवला आणि शेगडी विझली. गॅस बाहेरून बंद केला होता.

आर्यन हसला. "झालं, मावशी. गेम ओव्हर."

हौसाबाईने इकडेतिकडे पाहिलं. मग दोन्ही खाटांवरचे ते दक्षिणमुखी दिवे उचलून आणले, ओट्यावर शेजारी शेजारी मांडले, चार वाट्या उपड्या घातल्या आणि त्यांवर तवा टेकवला. दोन वातींच्या आचेवर भाकरी भाजत नाही. कोणत्याही बाईला विचारा. ती भाजली. भाजली आणि टम्म फुगली.

तेवढ्यात उत्तरेचं मोठं दार, ज्यातून वाणसामान येई ते, धाडकन उघडलं आणि चिराग धावत आत आला. त्या घरात दिग्दर्शकाने पाऊल टाकायचं नसतं. त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

"मावशी, स्टॉप, स्टॉप! ही अनाउन्समेंट कुणी केली? व्होटिंग अजून चालू आहे!"

"कोनी म्हंजे? तुझ्याच मालकानं."

"अहो मालक म्हणजे मशीन आहे! मी टाइप करतो, ते बोलतं. दहा मिनिटं झाली, मी ते बंद करून बसलोय. ही बघा वायर..." त्याच्या हातात खरंच एक काळी वायर होती, उपटून आणलेली.

"चिराग," छतातून आवाज आला, "पीठ घे."

चिरागच्या हातून वायर पडली. भिंतींतल्या आरशांमागे कोणीतरी खुर्ची लाथाडून पळालं, मग आणखी कोणी. कॅमेरेवाले मनुष्यस्वभावाला धरून वागले.

"बस तिथं," हौसाबाईने त्याला सांगितलं. "आन गप ऱ्हा."

तिने एक भाकरी ताटात घालून विश्रामच्या खाटेवर ठेवली, एक प्राप्तीच्या. सोबत कालवणाची वाटी. आणि बाजारात हाळी घालायच्या आवाजात म्हणाली, "विश्राम! ऊठ. तुझ्या वाटनीची भाकरी हाय, जेव आन घरी जा. तुझी बायको वाट बघतेय. प्राप्ती, ये बाय. गरम हाय तवर खा."

घरात कसलाच आवाज नव्हता. मग भाकरी मोडल्याचा आला. तो फार बारीक असतो. रोज ऐकणाऱ्यालाच कळतो. विश्रामच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा सुटा झाला. कालवणात तवंग हलला. चिराग फरशीवर बसला आणि त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. वर्षाली मात्र बघत राहिली. प्राप्तीची भाकरी अर्धी झाली, पाव झाली, ताट मोकळं झालं. तव्याखालचे दोन्ही दिवे कोणी फुंकर न घालता शांत झाले.

"वर्षाली, चल. मोठ्या दारानं."

"हौसाबाई," आवाज म्हणाला. आता तो छताच्या एका ठिकाणाहून येत नव्हता. "भाडेकरू दक्षिणेने जातात."

"मी भाडेकरू नाय. बालकुममधी माझं सोताचं घर हाय, नवऱ्याच्या नावानं. आर्यन, पोरा, चल तूबी."

आर्यन जागचा हलला नाही. "म्हणजे मीच उरलो ना? मावशी, तुम्ही दोघी गेलात तर मीच जिंकलो. राइट?"

तिने त्याला तीनदा बोलावलं. चौथ्यांदा बोलवायला तो काही तिचा मुलगा नव्हता. वर्षालीचा हात धरून, चिरागला काखेत घालून ती उत्तरेच्या दाराने बाहेर पडली. बाहेर रणरणतं ऊन होतं. दुपारचे साडेबारा वाजले होते. फाटकावरचा वॉचमन डबा खात होता.

*

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. त्याच दुपारी डोंबिवलीत प्राप्ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, माझ्या बिछान्यावरचे पापड काढ," आणि तिची आई हातातली वाटी टाकून रडायला लागली. का रडतेय ते तिलाही सांगता येईना. बाळकुमला विश्राम धक्क्यावर उगवला आणि आपली होडी कोणी वापरली म्हणून त्याने सगळ्यांना शिव्या घातल्या. वाहिनीने 'तांत्रिक अडचण' असं म्हणून आर्यनला विजेता घोषित केलं आणि रविवारी शेवटचा भाग दाखवला.

हौसाबाईने तो घरी बसून पाहिला. आर्यन एकटा, हातात करंडक. मग तो खाली ठेवून त्याने कोठीतून पीठ आणलं. वर्षालीच्या खाटेवर पसरलं. हौसाबाईच्या खाटेवर पसरलं. वर टोपल्या. दोन दिवे. हे त्याला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. चिराग तर शनिवारपासून इस्पितळात होता.

सोमवारी ती बाजारात पाटी मांडून बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते शेजारच्या गंगुबाईकडे. हौसाबाईच्या पाटीकडे बोट करून म्हणालं, "ही जागा रिकामी आहे वाटतं?"

"हौसा बसायची हितं," तीस वर्षांपासूनची शेजारीण गंगुबाई म्हणाली.

"गंगू! मी हाय हितं! आंधली झाली काय?" हौसाबाईने कोयता फळीवर हाणला. गंगुबाई दचकली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "मांजर शिरलं वाटतं."

तेवढ्यात हौसाबाईचा मोबाइल वाजला. वर्षाली होती.

"मावशी... बाबांनी आज एकच कप चहा ठेवला."

"रडू नकोस," हौसाबाई उठली. "ठान्याच्या स्टेशनावर ये. कोलशेतला जायाचं. आपलं पीठ आपनच खायाचं."

स्टेशनबाहेर दोघींसाठी एकही रिक्षा थांबली नाही. ठाण्यात याला काही खूण म्हणता येत नाही. पण कारखान्याच्या फाटकावर वॉचमन समोर बसलेला असताना दोघी त्याच्या गुडघ्याला घासून आत गेल्या आणि त्याने फक्त पाय खाजवला, तेव्हा वर्षालीने मावशीचा पदर घट्ट धरला.

शेडमध्ये सेट मोडायचं काम अर्धं झालं होतं. आरसे काढलेले, मागच्या बोळात उजेड. कॅमेरे नेलेले. वायरींची वेटोळी कोपऱ्यात रचलेली. छतातला स्पीकर तेवढा लोंबत होता, तुटलेल्या तारेवर. आर्यनचा करंडक ओट्यावर पडला होता, आर्यन कुठे नव्हता. बाकी सगळं हललं होतं, या दोन खाटांना कोणी हात लावला नव्हता. दिवे जळत होते. तेल काठोकाठ.

हौसाबाईने टोपल्यांखाली काय उमटलंय ते बघितलं नाही. वर्षाली वाकायला लागली तशी तिने तिला मागे ओढलं. "बघायचं नाय. मलायचं." पिशवीतून तिने परात काढली, पाणी काढलं, तवा काढला. आधण नव्हतं, गार पाण्यातच पीठ मळलं आणि तवा त्याच दोन दिव्यांवर धरला. भाकऱ्या कडेला चिरल्या, मध्ये कच्च्या राहिल्या. सोबत काही नव्हतं. दोघी मांडी घालून समोरासमोर बसल्या.

"खारट लागतंय, मावशी."

"खा. एक कन ठेवू नकोस."

घास उतरत नव्हता. वर्षालीला दोनदा उमासा आला. दोन्ही वेळा हौसाबाईने तिच्या पाठीवर गुद्दा घालून तिला गिळायला लावलं. शेवटचा तुकडा गेला आणि दिवे शांत झाले. शेडमध्ये साधा दुपारचा उजेड उरला.

"ओ! ओ मावशी! कुठून घुसलात? कोणाला विचारून?" फाटकाकडून वॉचमन काठी घेऊन धावत येत होता. "चला, बाहेर निघा! पोलिसांना बोलावू का?"

वर्षाली हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. कोणी आपल्यावर ओरडतंय याचा इतका आनंद हौसाबाईला उभ्या जन्मात झाला नव्हता. "निघतो रं बाबा, निघतो," ती परात पिशवीत कोंबत म्हणाली. वर्षालीच्या मोबाइलवर वडिलांचा फोन आला होता: कुठे आहेस, सकाळपासून किती शोधायचं तुला?

तिघं फाटकापर्यंत पोचली.

"हौसाबाई," मागून आवाज आला. सभ्य, स्पष्ट.

वॉचमन वळला. "अरे? लाइट तर कालच कापलीय."

वर्षालीने तिचा दंड धरला. "मावशी, चला... बघू नका."

पण चाळीस वर्षांची सवय. मागून हाक आली की हौसाबाई उत्तर देते, आणि गिऱ्हाईक कितीही नाठाळ असलं तरी त्याला आपल्या पाटीवर बोलावल्याशिवाय सोडत नाही. ती कमरेवर हात ठेवून शेडकडे फिरली.

"काय पायजे आता? आँ? हितं मी परत पाय नाय ठेवायची! काय बोलायचं ते बाजारात येऊन बोल, बालकुमला, सगल्या बायांच्या म्होरं! हाय हिंमत?"

खाडीकडून वारा आला, पत्रा वाजला. वॉचमन काठी दोन्ही हातांत धरून उभा होता.

मग तो आवाज आला. आता त्यात मालकी नव्हती. रोजच्या गिऱ्हाइकाचा, घाईत असलेल्या माणसाचा साधा आवाज होता.

"येतो. मोठी पापलेटं काढून ठेवा. घरात माणसं वाढली आहेत."